वरच्या जबड्यात हाड उरलं नाही, म्हणजे नेमकं काय?

वरच्या दाढा काढून बरीच वर्षं झालेली असतात. कवळी सुटते, टाळू झाकल्यामुळे जेवणात मजा येत नाही, म्हणून माणूस इम्प्लांटची चौकशी करायला जातो. एक डॉक्टर एक्स-रे बघून सांगतात, ‘हाडच उरलेलं नाही, इम्प्लांट बसणार नाही.’ दुसरे म्हणतात, ‘हाड भरून घेऊ, सहा-आठ महिने थांबू, मग बसवू.’ तिसरीकडे वेगळंच ऐकायला मिळतं: ‘हाड भरायची काही गरज नाही, गालाच्या हाडात बसवतो, तीन दिवसांत दात घेऊन जा.’ तोंड एकच, एक्स-रे एकच आणि मतं तीन. यातलं कोणीतरी आपल्याला बनवतंय, असं वाटणं साहजिक आहे.

तसं असूही शकतं. पण बहुतेक वेळा तिघंही आपापल्या जागी बरोबर असतात. प्रश्न मात्र तिघांनी वेगवेगळे सोडवलेले असतात. पहिल्यांनी पाहिलं, नेहमीचा इम्प्लांट सरळ बसेल का. दुसऱ्यांनी पाहिलं, गेलेलं हाड परत उभं करता येईल का. तिसऱ्यांनी पाहिलं, जिथे हाड अजून शाबूत आहे तिथवर पोचता येईल का. चौथाही एक प्रश्न आहे: इम्प्लांट लागतोच का? तो विचारायचा बहुधा राहूनच जातो. त्याच्याकडे शेवटी येऊ.

इम्प्लांट कशाच्या जिवावर उभा राहतो

इम्प्लांट म्हणजे दाताच्या मुळाच्या जागी हाडात पिळून बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. त्यावर एक जोड येतो आणि जोडावर कॅप, म्हणजे आपल्याला दिसणारा दात. नेहमीच्या इम्प्लांटची जाडी साधारण ३.५ ते ५ मिलिमीटर आणि लांबी ८ ते १३ मिलिमीटर असते.

टायटॅनियमला हाड थेट येऊन घट्ट धरतं, हे स्वीडनमधल्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांच्या लक्षात आलं ते १९५०च्या दशकात. सशाच्या हाडातला रक्तप्रवाह बघण्यासाठी त्यांनी टायटॅनियमचं एक छोटं उपकरण हाडात बसवलं होतं. काम झाल्यावर ते काढायला गेले तर निघेचना. १९६५ साली त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले. आजचा हा सगळा पसारा त्या न निघालेल्या तुकड्यावर उभा आहे.

पण धरायला हाड तर हवं. भिंतीत खिळा ठोकताना तो नुसत्या गिलाव्यात राहिला तर बोटाने ओढला तरी हातात येतो. विटेत शिरला तर हलत नाही. खालच्या जबड्याचं बाहेरचं कवच जाड आणि टणक असतं, तिथे वीट लवकर लागते. वरच्या जबड्यात, त्यातही दाढांच्या जागी, कवच पातळ आणि आतलं हाड सच्छिद्र. हाड भरपूर असतानाही इथे गिलावाच जास्त. त्यात ते झिजलं की पंचाईत होते.

किती हाड लागतं याचा एक ढोबळ हिशोब आहे. स्क्रूच्या चहूबाजूंनी किमान १ मिलिमीटर हाड उरलं पाहिजे, आणि ओठाच्या किंवा गालाच्या बाजूला शक्यतो दीड-दोन. म्हणजे ४ मिलिमीटर जाडीच्या इम्प्लांटसाठी हाडाची कड साडेसहा-सात मिलिमीटर रुंद हवी. उंची त्याशिवाय वेगळी.

हाड जातं कुठे?

जबड्यातलं जे हाड दाताची मुळं धरून असतं, ते दातांसाठीच असतं. दात उगवताना ते तयार होतं, दात गेला की त्याचं काम संपतं आणि शरीर ते आवरायला घेतं. यात आजार असा काही नाही. दाढा आणि उपदाढा काढलेल्या जागांच्या २००३ सालच्या एका बहुचर्चित अभ्यासात असं दिसलं की पहिल्या वर्षात हाडाची रुंदी जवळजवळ निम्मी होते, आणि त्यातली दोन-तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच होऊन जाते. म्हणजे ‘दात काढला, आता बघू सावकाश’ असं आपण म्हणत असतो तेव्हा हाडाची मोठी झीज होऊन गेलेली असते. 

वरच्या जबड्याचं नशीब इथेही खोटं. समोरच्या दातांवरची ओठाकडची हाडाची भिंत बऱ्याच जणांत १ मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. तिला मिळणाऱ्या रक्ताचा मोठा भाग दाताच्या मुळाभोवतीच्या तंतूंतून येतो. दात निघाला की तंतू गेले, रक्त गेलं, भिंत गेली. त्यामुळे वरचा जबडा बाहेरून आतल्या दिशेने आक्रसत जातो. ओठाला टेकू राहत नाही आणि चेहरा आत गेल्यासारखा दिसतो. वय फार दिसायला लागलं अशी जी तक्रार असते, तिच्यामागे पुष्कळदा हेच असतं.

हे झालं खालच्या बाजूने. वरूनही एक गोष्ट घडते. गालाच्या मागे, वरच्या दाढांच्या मुळांच्या डोक्यावर सायनस नावाची हवेची पोकळी असते. दाढा गेल्या की ही पोकळी हळूहळू खाली पसरते. एकीकडून हिरडीखालचं हाड वर सरकतं, दुसरीकडून पोकळी खाली येते, आणि मधल्या मध्ये जिथे १०-१२ मिलिमीटर हाड असायचं तिथे दोन-तीन मिलिमीटरची पट्टी उरते. खालच्या जबड्यात हा प्रकारच नाही. तिथे अडचण असते ती हाडातून जाणाऱ्या नसेची.

याशिवाय पायरियाने दात पडायच्या आधीच हाड खाल्लेलं असतं, अपघात किंवा गाठीच्या शस्त्रक्रियेत हाड गेलेलं असतं. आणि एक कारण सहसा कोणी सांगत नाही: वर पूर्ण कवळी आणि खाली फक्त समोरचे स्वतःचे दात, अशी स्थिती वर्षानुवर्षं राहिली की खालचे दात वरच्या कवळीच्या पुढच्या भागावर सतत आदळत राहतात. तिथलं हाड विरत जातं आणि बोट लावलं तर हलणारी, मऊ हिरडी तेवढी उरते. अशा माणसाला कवळी बसत नाही आणि इम्प्लांटला जागाही नसते.

साध्या एक्स-रेवरून का ठरवता येत नाही

जबड्याभोवती फिरून काढतात तो मोठा एक्स-रे, ओपीजी, उंची दाखवतो. रुंदी दाखवत नाही. त्यावर १२ मिलिमीटर उंच दिसणारं हाड प्रत्यक्षात सुरीच्या पात्याइतकं अरुंद निघू शकतं. म्हणून अशा पेशंटला सीबीसीटी काढायला सांगतात. हा जबड्यापुरता, तीन मितींतला स्कॅन. हॉस्पिटलातल्या नेहमीच्या सीटी स्कॅनपेक्षा त्यात क्ष-किरण बरेच कमी लागतात.

हा स्कॅन डॉक्टरांच्या स्क्रीनवर स्वतः बघावा, समजायला अवघड नसतो. एकेका दाताच्या जागेवर जबड्याचा उभा काप घेतलेला दिसतो. कडेची पांढरी रेघ म्हणजे हाडाचं कवच, आतला करडा जाळीदार भाग म्हणजे सच्छिद्र हाड, आणि वरचा काळा भाग म्हणजे सायनसची हवा. काळ्याच्या तळापासून हिरडीकडच्या पांढऱ्या टोकापर्यंत माउसने रेघ ओढली की उंचीचा आकडा येतो. आडवी ओढली की रुंदी. काळ्या भागाच्या तळाशी करडा जाड थर किंवा घुमटी दिसली तर सायनसचं अस्तर सुजलेलं किंवा तिथे गळूसारखं काही असू शकतं, आणि मग कान-नाक-घसा तज्ज्ञाचं मत आधी घ्यावं लागतं. पोकळीत मध्येच उभा पडदा दिसला तर तेही महत्त्वाचं, पुढे शस्त्रक्रियेत तो आडवा येतो.

हाड किती यापेक्षा कुठे, हा प्रश्न मोठा. वरच्या जबड्याचे तीन टप्पे मनात धरा: समोर सुळ्यापासून सुळ्यापर्यंत, मध्ये उपदाढा, मागे दाढा. तिन्हीकडे हाड असेल तर नेहमीचे इम्प्लांट. समोर आणि मध्ये आहे, मागे नाही, तर मागचे इम्प्लांट तिरके. फक्त समोर आहे, तर समोर नेहमीचे आणि मागे गालाच्या हाडातले. कुठेच नाही, तर चार इम्प्लांट, सगळे गालाच्या हाडात. सगळेच दात गेलेल्या माणसासाठी तज्ज्ञांचा विचार साधारण या वाटेने चालतो. एक-दोन दाढाच गेल्या असतील तर गणित निराळं. तिथे प्रश्न आखूड इम्प्लांट की सायनस लिफ्ट, एवढाच असतो.

थोडंच कमी असेल तर

सहा मिलिमीटरच्या आखूड इम्प्लांटकडे पूर्वी लोक नाक मुरडत. पृष्ठभाग खरखरीत करायची तंत्रं आल्यापासून चित्र बदललं आहे. पाच वर्षांपर्यंतचे निकाल लांब इम्प्लांटच्या जवळपास येतात, फक्त त्यांत चढउतार थोडे जास्त. मागच्या दाढेखाली ६-७ मिलिमीटर हाड असेल आणि कोणी थेट मोठी शस्त्रक्रिया सुचवत असेल, तर ‘आखूड इम्प्लांट का नको?’ असं जरूर विचारावं. उत्तर असू शकतं, पण ते मिळायला हवं.

तिरक्या इम्प्लांटची कल्पना लिस्बनच्या पावलो मालो यांनी रुळवली. ऑल-ऑन-फोर या नावाने ती ओळखली जाते. चार इम्प्लांट, त्यांतले समोरचे दोन सरळ, मागचे दोन ४५ अंशांपर्यंत तिरके. तिरके केल्याने ते सायनसच्या पुढच्या भिंतीला वळसा घालून समोरच्या चांगल्या हाडात शिरतात आणि लांबही घेता येतात. वर सगळा मिळून एकच जोडलेला दातांचा साचा, साधारण १० ते १२ दातांचा. हाड भरावं लागत नाही. मात्र समोर हाड हवंच. ते नसताना ही पद्धत रेटली तर फसते.

सायनस लिफ्ट: ऐकायला भयंकर, करायला रुळलेलं

‘सायनसमध्ये हाड भरणार’ ऐकून लोक दचकतात, म्हणून इथे जरा थांबू. अमेरिकेतल्या हिल्ट टेटम यांनी १९७०च्या दशकात हे काम सुरू केलं आणि १९८० मध्ये बॉयन व जेम्स यांनी ते शोधनिबंधातून मांडलं. म्हणजे ही काही कालची गोष्ट नाही.

सायनसला आतून एक नाजूक अस्तर असतं, जाडी जेमतेम १ मिलिमीटर किंवा त्याहून कमी. हिरडी बाजूला सारून गालाच्या बाजूने हाडात एक छोटी खिडकी पाडतात. अस्तराला धक्का न लावता ते वाकड्या, बोथट हत्यारांनी तळाच्या हाडापासून हळूहळू सोडवतात आणि वर उचलतात. खाली जी जागा मोकळी होते तिथे हाडाची भुकटी भरतात, खिडकी झाकतात, टाके घालतात. पुढच्या सहा ते नऊ महिन्यांत त्या भुकटीच्या आधाराने शरीर स्वतःचं हाड तयार करतं. मूळ हाड पाचेक मिलिमीटर किंवा जास्त असेल तर इम्प्लांट त्याच वेळी बसवता येतो. दोन-तीन मिलिमीटरच असेल तर बहुतेक डॉक्टर आधी हाड आणि मग इम्प्लांट, अशा दोन टप्प्यांत जातात.

थोडंच उचलायचं असेल तर खिडकीचीही गरज नसते. इम्प्लांटसाठी केलेल्या भोकातूनच तळ हलकेच वर ढकलतात. ही पद्धत समर्स यांनी १९९४ मध्ये मांडली. पूर्वी यात हातोडीने ठोकावं लागे, आणि त्या ठोक्यांनी काही जणांच्या कानातले तोल सांभाळणारे कण जागेवरून सरकत. दुसऱ्या दिवशी कूस बदलली की गरगरायचं. आता खास ड्रिल आणि पाण्याच्या दाबाची तंत्रं आहेत. तरी ठोकून केलेल्या लिफ्टनंतर चक्कर आली तर ती अशक्तपणाची समजून घरी बसू नका, डॉक्टरांना कळवा. त्यावर साधा उपाय असतो.

सायनस बुजणार नाही का? ही शंका रास्त आहे. सायनसमधला चिकट द्रव नाकात जायचं तोंड पोकळीच्या तळाशी नसतं, बरंच वर, नाकाकडच्या भिंतीत असतं. तळ १० मिलिमीटर वर आला तरी ते तोंड मोकळंच राहतं. आधीपासून सर्दी तुंबण्याचा, सायनस सुजण्याचा त्रास असेल तर मात्र तो आधी आटोक्यात आणावा लागतो. सगळ्यात जास्त घडणारी गडबड म्हणजे अस्तर फाटणं. लहान फाट तिथल्या तिथे पातळ पडदा लावून झाकतात. मोठी असेल तर काम थांबवून काही महिन्यांनी परत करावं लागतं. शस्त्रक्रियेनंतर दोनेक आठवडे नाक जोरात शिंकरायचं नाही आणि शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची, ही सूचना म्हणूनच असते.

भरतात ते हाड कोणाचं?

चार प्रकार. स्वतःचं, म्हणजे हनुवटी, खालच्या जबड्याचा मागचा भाग किंवा फार लागत असेल तर कमरेच्या हाडातून घेतलेलं. दुसऱ्या माणसाने मरणोत्तर दिलेलं, प्रक्रिया करून निर्जंतुक केलेलं. जनावराचं, बहुधा गायवर्गीय आणि काही उत्पादनांत डुकराचं, ज्यातला सेंद्रिय भाग काढून खनिजाचा सांगाडा ठेवलेला असतो. आणि कारखान्यात तयार केलेलं कॅल्शियम-फॉस्फेटचं. सायनसच्या बंदिस्त जागेत यांतलं बहुतेक कुठलंही चालतं, म्हणून तिथे स्वतःच्या हाडासाठी दुसरी जखम करायची गरज सहसा पडत नाही.

कुठलं वापरणार हे आधी विचारा. जनावराच्या हाडाला एखाद्याची हरकत असू शकते, आणि संमतीपत्रावर सही करताना ते बारीक अक्षरांत असतं. कारखान्यातला पर्याय मागितला तर नाही म्हणायचं कारण बहुधा नसतं.

हाडाची रुंदी कमी असेल तर काम वेगळं आणि थोडं बेभरवशाचं. हाडाच्या चकत्या स्क्रूने बसवणं, भुकटी भरून वर पडदा ताणणं किंवा अरुंद कड मधोमध चिरून फाकवणं, असे मार्ग आहेत. रुंदी वाढवणं जमतं. उभी उंची हिरडीच्या बाजूने वाढवणं हे या क्षेत्रातलं सगळ्यात कठीण काम. त्याचं आश्वासन फार सहज कोणी देत असेल तर जरा जपून.

गालाच्या हाडातले इम्प्लांट

वरचा जबडा झिजतो, पण गालाचं हाड दातांच्या जिवावर नसतं. दात जाऊन तीस वर्षं झाली तरी ते टणकच राहतं. गिलावा सगळा गळून पडला तरी मागची वीट जागेवर आहे, तर खिळाच लांब घ्या, असा हा विचार. इम्प्लांटची लांबी साधारण ३० ते ५० मिलिमीटर, काही त्याहून थोडे मोठे. टाळूजवळ किंवा हिरडीच्या कडेतून शिरून ते सायनसमधून किंवा त्याच्या बाहेरच्या भिंतीला लागून वर जातात आणि डोळ्याच्या खोबणीखालच्या, बाहेरच्या बाजूच्या हाडात रुततात. ब्रोनेमार्क यांनीच हे १९८०च्या दशकाच्या अखेरीस सुरू केलं, प्रामुख्याने गाठीच्या शस्त्रक्रियेत किंवा इतर कारणांनी जबडा गेलेल्या रुग्णांसाठी.

फायदे खरे आहेत. हाड भरून महिनोन्‌महिने थांबणं नाही, कमरेचं हाड काढणं नाही, आणि पकड चांगली मिळाली तर काही दिवसांत पक्के लावलेले तात्पुरते दात मिळतात. ज्याचा वरचा जबडा पुठ्ठ्याच्या जाडीचा उरला आहे, त्याच्यासाठी माझ्या मते हा पर्याय मोठ्या प्रमाणावर हाड भरण्यापेक्षा पुष्कळदा जास्त शहाणपणाचा ठरतो.

पण हे दातांच्या खुर्चीतलं साधं काम नव्हे. बहुधा पूर्ण भूल किंवा गुंगी द्यावी लागते, शेजारी डोळा आहे, आणि करणारा हात अनुभवीच हवा. नंतरच्या त्रासांत सायनसची सूज पहिल्या क्रमांकावर. ती कधी बसवल्यावर काही वर्षांनीही उपटते.

इथे मला जो प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो येतो: हे फसलं तर पुढे काय? आखूड इम्प्लांट फसला तर एक लहान खड्डा पडतो, काही महिन्यांत भरतो, पुढचे सगळे पर्याय शिल्लक राहतात. सायनस लिफ्ट फसली तर वेळ आणि पैसा जातो, बहुतेक वेळा माणूस होता तिथे परत येतो. गालाच्या हाडातला इम्प्लांट फसला तर तो काढणं अवघड, तोंड आणि सायनस यांच्यात आरपार भोक राहू शकतं आणि पुढे वळायला वाटा थोड्या उरतात. म्हणून जिथे लहान उपायाने भागतंय तिथे हा मोठा उपाय कोणी केवळ ‘लवकर होतं’ म्हणून सुचवत असेल, तर दुसरं मत घ्या. आणि लहान उपायाला जागाच नसेल तर घाबरून त्याला नकारही देऊ नका.

याच कुळातले आणखी दोन प्रकार. जबड्याच्या अगदी मागच्या टोकाला, कवटीच्या तळाच्या टणक हाडात रुतवायचे टेरिगॉइड इम्प्लांट. ते सायनसच्या मागून जातात. आणि हाडाच्या आत न जाता त्यावर बसणारी टायटॅनियमची जाळी. ही जाळी १९४०च्या दशकातली कल्पना, तेव्हा पुष्कळ फसली आणि मागे पडली. आता स्कॅनवरून मोजून थ्री-डी प्रिंटिंगने बनवता येते म्हणून परत आली आहे. नव्या रूपातल्या जाळीचा दीर्घकाळचा अनुभव अजून जमायचा आहे, हे लक्षात ठेवून तिच्याकडे बघावं.

‘तीन दिवसांत दात’ खरं की जाहिरात?

अर्धं खरं. तीन दिवसांत मिळतात ते तात्पुरते दात, बहुधा अ‍ॅक्रिलिकचे. हाड इम्प्लांटला धरायला काही महिने घेतंच, त्याला घाई करता येत नाही. या काळात इम्प्लांट साधारण ०.१५ मिलिमीटरपेक्षा जास्त हलत राहिला तर हाडाऐवजी त्याभोवती मऊ तंतू तयार होतात आणि तो सैल पडतो. म्हणून लगेच दात लावायचे का, हे बसवताना मिळालेल्या पकडीवर ठरतं. बरेच डॉक्टर ३५ न्यूटन-सेंटिमीटर ही पिळाची सीमा मानतात; मशिनवर तो आकडा दिसतो. पकड कमी आली तर प्रामाणिक डॉक्टर ठरलेला बेत बदलतात आणि थांबायला सांगतात. शस्त्रक्रियेआधीच ‘पकड नाही आली तर काय करणार?’ हे विचारून ठेवलेलं बरं. पक्के दात चार-सहा महिन्यांनी, आणि तोवर जेवण मऊ.

‘यश ९५ टक्के’ म्हणजे किती?

नेहमीचे इम्प्लांट दहा वर्षांनी ९५ टक्क्यांच्या आसपास जागेवर असतात, आणि गालाच्या हाडातल्यांचेही आकडे बहुतेक अभ्यासांत त्याच घरात आहेत. पण हे ‘जागेवर आहेत’चे आकडे. आजूबाजूचं हाड टिकलंय का, हिरडी सुजते का, सायनस दुखतो का, हे त्यात येत नाही. शिवाय ते बहुधा निवडलेल्या रुग्णांचे आणि सरावलेल्या केंद्रांचे असतात. 

शरीर इम्प्लांट ‘नाकारतं’ ही समजूतही काढून टाका. दुसऱ्याची किडनी नाकारली जाते तसं टायटॅनियमचं होत नाही. इम्प्लांट जातो तो जंतुसंसर्गाने, डळमळीत पकडीने, चुकीच्या जागी पडणाऱ्या दाबाने, आणि पुष्कळदा सिगारेटने. धूम्रपानाने हिरडीचं रक्त कमी होतं. हाड भरलेल्या जागी त्याचा फटका जास्तच बसतो. आटोक्यात असलेला मधुमेह आडवा येत नाही, मोकाट असेल तर येतो. वय हे एकट्याने कारण नाही. सत्तरीतल्या माणसाचंही हाड इम्प्लांटला धरतं.

औषधांबद्दल एक गोष्ट मात्र ठसवून सांगायला हवी. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून किंवा कर्करोगात दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या आणि इंजेक्शनं, म्हणजे बिसफॉस्फोनेट गटातली औषधं आणि डेनोसुमॅब, यांच्यामुळे जबड्यावर शस्त्रक्रिया झाल्यावर हाड न भरता उघडं राहण्याचा धोका असतो. कर्करोगासाठीच्या मोठ्या मात्रेत तो बराच जास्त. दातांच्या डॉक्टरांना सांगायचं राहून जातं, कारण सहा महिन्यांतून एकदा टोचलेलं इंजेक्शन कोणाच्या औषधांच्या यादीत नसतं. ही औषधं मनाने बंद मात्र करू नका. जबड्याजवळ रेडिएशन घेतलं असेल तर तेही आधी सांगा.

इम्प्लांट नकोच असेल तर?

वरची पूर्ण कवळी खालच्यापेक्षा सहसा चांगली बसते, कारण टाळूचा मोठा पृष्ठभाग तिला ओढून धरतो. नीट माप घेऊन नवी केलेली कवळी अनेकांना पुरते, आणि दहा वर्षं जुन्या, सैल कवळीची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला सरळ इम्प्लांटकडे वळवणं मला पटत नाही. आधी नवी कवळी करून बघावी. मधला मार्गही आहे: चार इम्प्लांट आणि त्यांवर बटणांनी किंवा पट्टीने बसणारी, काढता-घालता येणारी कवळी. तिचा टाळूचा भाग कापता येतो, आणि ओठाला भर देणारी गुलाबी कड तिच्यात राहते. हाड फार गेलेल्या चेहऱ्याला पक्क्या बसवलेल्या दातांपेक्षा ती कधीकधी जास्त शोभते, शिवाय घासायला सोपी.

आणि फक्त शेवटच्या दाढा गेल्या असतील तर? नेदरलंड्समधल्या संशोधकांनी १९८०च्या दशकात दाखवून दिलं की समोरचे दात आणि उपदाढा एकमेकांवर नीट टेकत असतील, तर दाढा नसूनही बऱ्याच लोकांचं खाणं-पिणं ठीक चालतं. तिथे सायनस लिफ्ट करून दाढ बसवणं ही सोय आहे, गरज नाही. ‘काही न करता असंच ठेवलं तर काय होईल?’ हे विचारायला लाजू नये. गेलेल्या दाढेसमोरची खालची दाढ वर सरकेल, असं उत्तर कदाचित येईल. किती आणि किती दिवसांत, हे पुढे विचारावं.

यांतलं काहीही केलं तरी दोन गोष्टी घरी आणा. सीबीसीटीची मूळ फाइल, नुसता छापलेला फोटो नव्हे. आणि बसवलेल्या प्रत्येक इम्प्लांटची नोंद: कंपनी, मॉडेल, जाडी, लांबी, बॅच क्रमांक. डब्यावरचं स्टिकर पेशंटला देण्यासाठीच जास्तीचं असतं. आठ-दहा वर्षांनी वरचा स्क्रू सैल होतो किंवा कॅप तुटते, तोवर डॉक्टर किंवा गाव बदललेलं असतं. कंपन्या शेकडो आहेत, प्रत्येकीचा पाना वेगळा, आणि आत कुठला स्क्रू आहे हे एक्स-रेवरून ओळखण्यात नव्या डॉक्टरांचा अख्खा आठवडा जाऊ शकतो.